ब्लू लेटर बायबल: समलैंगिकतेच्या वादातली वचनं तपासायला कितपत कामाचं?

समलैंगिकतेवरून ख्रिस्ती मंडळींत वाद पेटला की एक जण म्हणतो, "मूळ ग्रीकमध्ये तसं नाहीच मुळी." दुसरा म्हणतो, "मूळ ग्रीकमध्ये तर अगदी स्पष्ट आहे." ग्रीक बहुधा दोघांनीही उघडलेलं नसतं. ब्लू लेटर बायबल हे मोफत संकेतस्थळ आणि त्याचं फोनवरचं ॲप नेमकं इथे उपयोगी पडतं. ग्रीक-हिब्रूची अक्षरओळख नसली तरी वचनातला शब्द मुळात कोणता, तो आणखी कुठे आला आणि कोशात त्याचा अर्थ काय दिला आहे, हे थोड्याच क्लिकमध्ये समोर येतं. १९९६ पासून ते देणग्यांवर चालू आहे. इंग्रजी वाचता येणं मात्र गरजेचं.

निकाल आधीच सांगायचा तर शब्द तपासायला उत्तम, भाष्यं वाचायला एकांगी आणि वाद मिटवायला निरुपयोगी. यातली तिसरी गोष्ट त्याच्याकडून मागणंच चूक आहे, पण लोक मागतात ती तीच.

या वादात फिरून फिरून येणारी वचनं मोजकी आहेत: उत्पत्ति १९, लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस १:२६-२७, १ करिंथकरांस ६:९, १ तीमथ्य १:१० आणि यहूदाच्या पत्रातलं सातवं वचन. सुरुवात करिंथकरांपासून करा, कारण सगळ्यात मोठी गाठ तिथे आहे. वचन उघडलं की त्यावर क्लिक करून साधनांची यादी उघडायची आणि त्यातलं 'इंटरलिनियर' निवडायचं. इंग्रजी शब्द, त्यासमोर ग्रीक शब्द आणि स्ट्राँगचा क्रमांक, म्हणजे प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला ओळख-आकडा (ग्रीकसाठी 'जी', हिब्रूसाठी 'एच'), अशी मांडणी दिसते. क्रमांकावर क्लिक केलं की शब्दाचं पान उघडतं. तिथे उच्चार, मूळ धातू, किंग जेम्स अनुवादात तो किती वेळा कसा उतरवला त्याची मोजदाद, मग थेअरचा ग्रीक-इंग्रजी कोश आणि सगळ्यात खाली तो शब्द आलेली सगळी वचनं. बहुतेक जण थेअरपाशी थांबतात. खरं काम त्याच्या खाली सुरू होतं.

जी ७३३, आर्सेनोकोइतेस. नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा येतो, करिंथकरांत आणि तीमथ्यात, आणि दोन्हीकडे नुसत्या यादीत. वाक्यातून अर्थ ताडायला जागाच नाही. ही पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाच्या आधीच्या ग्रीक लिखाणात तो खात्रीनं सापडत नाही, म्हणून पुष्कळ अभ्यासक तो पौलानेच घडवला असावा असं मानतात. थेअर त्याचा अर्थ सरळ 'पुरुषाशी स्त्रीप्रमाणे निजणारा' असा देतो. ते वाचून एक बाजू पान मिटते. दुसरी बाजू म्हणते, शब्दाची फोड म्हणजे अर्थ नव्हे. तेही खरंच आहे. 'प्रवीण' म्हटल्यावर त्या माणसाच्या हातात वीणा असावी लागत नाही आणि गवाक्षात गाईचा डोळा नसतो.

पण फोडीचा मुद्दा इथे तेवढ्यावर संपत नाही. लेवीय २०:१३ उघडा आणि भाषांतरांच्या यादीतून सेप्टुअजिंट, म्हणजे जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, निवडा. त्या वचनात 'आर्सेनोस' (पुरुष) आणि 'कोइतेन' (शय्या) हे दोन शब्द अगदी शेजारी शेजारी उभे आहेत. पौल सेप्टुअजिंट वाचणारा आणि उद्धृत करणारा माणूस, त्यामुळे त्याने शब्द तिथूनच जोडला हा तर्क भक्कम ठरतो. हा मुद्दा अभ्यासकांत १९८० च्या दशकात ठळकपणे मांडला गेला आणि आज परंपरावादी, म्हणजे समलैंगिक संबंध पाप मानणाऱ्या, बाजूचा तो सगळ्यात मजबूत पुरावा समजला जातो. ब्लू लेटरवर तो पाच मिनिटांत स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो. या साधनाची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच.

उणी बाजूही त्याच पानावर आहे. पौलानंतरच्या शतकांतल्या ग्रीक लिखाणात हा शब्द काही ठिकाणी लुबाडणूक, अन्याय अशा दोषांच्या रांगेत येतो. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की त्यात जबरदस्तीचा किंवा शोषणाचा अर्थ असावा. ब्लू लेटरच्या शब्दसूचीत फक्त बायबलमधले वापर दिसत असल्यामुळे या युक्तिवादाचा पुरावा तिथे मिळणारच नाही. 'दोनच वापर' हा आकडा नव्या करारापुरता खरा. तो अख्ख्या ग्रीक भाषेचा आकडा म्हणून कुणी फेकला तर हटकावं. तीमथ्यातल्या यादीत लगेच पुढचा शब्द 'माणसं पळवून विकणारे' असा आहे. शोषणवाले त्यावर बोट ठेवतात. परंपरावाले म्हणतात की ती यादी दहा आज्ञांच्या क्रमाने चालली आहे, हा शब्द सातव्या (व्यभिचाराच्या) आज्ञेखाली आणि माणसं विकणारे आठव्या (चोरीच्या) आज्ञेखाली. यादी उघडून क्रम लावून पाहिलात तर हेही पटण्यासारखं आहे.

शेजारचा 'मालाकोस', जी ३१२०, साधनाची ताकद आणि धोका एकत्र दाखवतो. एकूण चार वापर. त्यातले तीन कपड्यांबद्दल: योहानाविषयी बोलताना येशू विचारतो, काय पाहायला गेला होता, मऊ वस्त्रं घातलेला माणूस? चौथा करिंथकरांच्या यादीत. मोजदाद बघून 'मालाकोस म्हणजे फक्त मऊ' असं कुणी म्हणालं तर ती आकड्यांची फसवणूक. कपडा मऊ आणि माणूस मऊ यांत फरक आहे, मराठीतही. ग्रीक जगात पुरुषाला मालाकोस म्हणणं ही निंदा होती आणि तिचा आवाका चैनी, भित्रा, नटवा इथपासून संभोगात स्त्रीची भूमिका घेणारा इथपर्यंत. त्यातला कोणता अर्थ इथे, हे चार वापरांची मोजदाद सांगू शकत नाही.

आता भाषांतरं. वचनाच्या साधनयादीत 'बायबल्स' निवडलं की एकच वचन बऱ्याच भाषांतरांत एकाखाली एक दिसतं. या वादासाठी हे पान फार बोलकं आहे. किंग जेम्स (१६११) मध्ये मालाकोससाठी 'बायकी' या अर्थाचा शब्द. एनआयव्ही या इंग्रजी भाषांतराच्या १९७८ च्या आवृत्तीत 'पुरुषवेश्या' आणि 'समलैंगिक अपराधी', २०११ च्या एनआयव्हीत दोन्ही मिळून 'पुरुषांशी संभोग करणारे पुरुष' आणि तळटीप. ईएसव्ही या आणखी एका इंग्रजी भाषांतरात 'समलैंगिकता आचरणारे पुरुष', तेही तळटिपेसह. तळटीप महत्त्वाची, कारण दोन ग्रीक शब्द एकात मिसळले आहेत हे तिथेच कळतं. तुलनेच्या पानावर ती नजरेतून निसटते, म्हणून पूर्ण अध्याय उघडून पाहा. मराठीत प्रचलित असलेल्या पवित्र शास्त्राच्या आवृत्तीत 'स्त्रीसारखा संभोग देणारे' आणि 'पुरुषसंभोग घेणारे' असे दोन वेगळे शब्द आहेत. दोन शब्दांचे दोन शब्द ठेवले हे प्रामाणिक. देणारा कोण, घेणारा कोण हे ठरवून टाकलं, तो मात्र अर्थ लावण्याचा भाग.

इथे एक हमखास फसगत होते. "समलैंगिक हा शब्द बायबलमध्ये १९४६ साली घुसवला" हे वाक्य सगळीकडे फिरतं. इंग्रजी बायबलपुरतं ते खरं आहे. आरएसव्ही या इंग्रजी भाषांतराचा नवा करार १९४६ साली आला आणि त्यात हा शब्द पहिल्यांदा वापरला गेला. पण पडताळायला म्हणून इंटरनेटवर आरएसव्ही उघडलात तर तो शब्द सापडतच नाही. कारण ऑनलाइन मिळणारा पाठ बहुधा १९७१ च्या दुसऱ्या आवृत्तीचा असतो आणि तिथे त्याजागी 'लैंगिक विकृत' अशा अर्थाचे शब्द आले आहेत. म्हणजे दावा खोटा नसतो, आवृत्ती वेगळी असते. दाव्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे '१९४६ च्या आधी या वचनांचा पुरुष-पुरुष संभोगाशी संबंध लावत नसत', हा मात्र साफ चूक. किंग जेम्सचे शब्दच तो खोडून काढतात. 'होमोसेक्शुअल' ही संज्ञाच मुळी जर्मनमध्ये १८६९ साली छापली गेली, तेव्हा त्याआधीच्या कुठल्याच भाषांतरात ती असणं शक्य नव्हतं. लूथरच्या १५४५ च्या जर्मन बायबलमध्ये लेवीय १८:२२ मध्ये 'पोरांशी' असं आहे. तेही उगाच फेकायचं नाही आणि दडवायचंही नाही. हिब्रूत तिथे 'जाखार' म्हणजे नर आहे, वयाचा उल्लेख नाही.

लेवीयातला 'तोएवा', एच ८४४१, म्हणजे 'अमंगळ' किंवा 'घृणास्पद'. किंग जेम्सच्या हिशेबात ११७ वापर. ही यादी पूर्ण वाचण्यासारखी आहे, आणि वाचणारे फार थोडे. तीत खाण्याला निषिद्ध पदार्थ आहेत, मूर्ती आहेत, खोटे तराजू आहेत, नीतिसूत्रे ६ मधली खोटी जीभ आणि भांडणं लावणारा आहे, आणि उत्पत्ति ४३ मध्ये तर मिसरी लोकांना इब्र्यांच्या पंगतीला बसणंच तोएवा वाटतं. त्यावरून 'तोएवा म्हणजे निव्वळ विधीचा विटाळ' असं काढलं जातं. पण त्याच यादीत मुलांना आगीत होमणंही आहे. शब्द एवढंच सांगतो की कुणालातरी ती गोष्ट किळसवाणी वाटते. ती सर्वकाळ लागू की इस्राएलापुरती, हे शब्दावरून ठरत नाही. वचनाच्या आजूबाजूला काय आहे त्यावरून वाद घालावा लागतो. लेवीय १८ मध्ये आधीची वचनं आप्तसंबंधांतल्या व्यभिचाराची आहेत, जी ख्रिस्ती आजही पाळतात. मध्येच मासिक पाळीतल्या संभोगाची मनाई आहे, जिच्याबद्दल मंडळीत कुणी अवाक्षर काढत नाही.

उत्पत्ति १९ मधल्या सदोम नगराच्या बाबतीत मोजदाद आणखी फसवते. 'यादा', एच ३०४५, म्हणजे 'जाणणे', शेकडो वेळा येतो आणि बहुतेक ठिकाणी साधं जाणणंच. म्हणून काही जण म्हणतात की सदोमच्या लोकांना पाहुण्यांची ओळख करून घ्यायची होती. शब्दसूचीत पुढच्याच नोंदीकडे सरका: उत्पत्ति १९:८ मध्ये पाहुण्यांना घरात घेणारा लोट आपल्या मुलींबद्दल तेच क्रियापद वापरतो, 'ज्यांनी पुरुष जाणलेला नाही'. संपलं. त्याच वेळी सदोमची गोष्ट सामूहिक बलात्काराच्या धमकीची आहे, दोन राजीखुशीच्या माणसांची नाही, हेही त्याच अध्यायात दिसतं. यहेज्केल १६:४९ सदोमचं पाप सांगतो ते गर्व, पोटभर अन्न आणि गरिबाला हात न देणं. उदारमतवादी इथे थांबतात. पन्नासाव्या वचनात 'तोएवा' येतो, परंपरावादी तिथून सुरू करतात. यहूदाचं सातवं वचन 'परक्या देहामागे लागले' म्हणतं आणि त्या 'परक्या'साठीचा ग्रीक शब्द 'हेतेरास' आहे, ज्याच्यापासून आपण भिन्नलिंगीसाठी 'हेटेरो' घेतो. इंटरलिनियरमध्ये हे पाहून गंमत वाटते, पण पुरावा म्हणून त्याचा उपयोग शून्य.

रोमकरांस १ मध्ये मात्र साधनाचा दोष थेट नडतो. सगळं साधन वचनावर बेतलेलं आहे: एक वचन उघडा, शब्द बघा, परत या. पौलाचा युक्तिवाद १:१८ ला सुरू होतो आणि २:१ ला वळण घेतो: 'म्हणून हे मनुष्या, दोष लावणारा तू कोणीही अस, तुला सबब नाही.' अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांचे आकडे १५५१ चे. पौलाने अध्याय संपवलेलाच नव्हता. फोनवर पहिल्या अध्यायाच्या शेवटी बोट थांबतं आणि वळण हुकतं. १:१८ ते २:१६ सलग वाचल्याशिवाय २६-२७ च्या शब्दांत शिरू नये. शब्दांत शिरलात की 'पारा फ्युसिन', निसर्गाविरुद्ध, हा प्रयोग शोधा. ११:२४ मध्ये तोच प्रयोग देवाने परराष्ट्रीयांची रानटी फांदी जैतुनाला कलम केली त्याबद्दल आहे. म्हणजे प्रयोग आपोआप पापवाचक नाही. पण पहिल्या अध्यायात त्याच्या बाजूला 'लज्जास्पद वासना' आहे आणि उत्पत्तीतल्या निर्मितीच्या शब्दांचे पडसाद आहेत, तेव्हा तिथे तो स्तुतिपर नाही हेही उघड आहे.

आता तक्रारी. थेअरचा कोश एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. पपायरसवरच्या हजारो साध्यासुध्या पत्रांनी आणि पावत्यांनी नव्या कराराच्या ग्रीकवर जो प्रकाश टाकला, तो बहुतांशी त्यानंतरचा. स्ट्राँगची सूची १८९० ची. आजचा प्रमाण कोश, बीडॅग, विकतचा आहे आणि इथे नाही. कोश जुना आहे म्हणून चुकीचा ठरत नाही, पण 'कोशात लिहिलंय' म्हणून वाद संपवणाऱ्याने तारीख बघावी. त्यापेक्षा नेट बायबल हे भाषांतर इथेच उघडा: साठ हजारांहून अधिक टिपा आहेत आणि करिंथकरांच्या या वचनावरच्या टिपांमध्ये भाषांतरकार आपली बाजू कारणांसह मांडतात.

दुसरी तक्रार भाष्यांची. संस्था आपली श्रद्धाविधानं उघडपणे छापते, ती इव्हॅन्जेलिकल परंपरेतली आहेत, आणि भाष्यांचं कपाट त्याच रंगाचं आहे. समलैंगिक विवाह मान्य करणाऱ्या बाजूचं गंभीर भाष्य तिथे सापडत नाही, आणि कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स परंपराही जवळजवळ गैरहजर. लबाडी म्हणता येणार नाही, कारण लपवलेलं काही नाही. पण नवख्याला वाटतं की चार भाष्यकार एकच सांगतात म्हणजे सगळेच सांगतात. ज्यांना भाष्याची लुडबुड नको त्यांनी केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल बघावं: तेही मोफत, शब्दावर माउस नेला की अर्थ, आणि नजर मजकुरावरच राहते. फोनवर मात्र ब्लू लेटर सोपं पडतं.

शास्त्राच्या अधिकाराचा प्रश्न इथे सुटेल अशी अपेक्षा ठेवून आलात तर २ तीमथ्य ३:१६ वर क्लिक करा. 'थिओप्न्युस्तोस', जी २३१५, 'देवाने श्वास घातलेला'. वापर: एक. म्हणजे शास्त्राच्या अधिकाराचा आधारस्तंभ असलेला शब्दही आर्सेनोकोइतेससारखाच दुर्मीळ आणि जोडून बनवलेला. एका शब्दाच्या फोडीवर सिद्धांत उभारायचा आणि दुसऱ्याची फोड निरर्थक म्हणायची, ही कसरत दोन्ही बाजूंना करावी लागते, फक्त शब्दांची अदलाबदल होते. शिवाय शास्त्राला किती आणि कसा अधिकार, हे प्रत्येक परंपरा आधीच ठरवून येते. कॅथलिक चर्च शास्त्रासोबत परंपरा आणि चर्चची शिकवण धरतं. त्याच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात (कॅटेकिझम, परिच्छेद २३५७ ते २३५९) समलैंगिक कृत्यांना नकार आहे आणि त्याच परिच्छेदांत अशा माणसांना आदराने, करुणेने स्वीकारण्याची आणि अन्याय्य भेदभाव टाळण्याची आज्ञाही आहे. मेथडिस्ट शास्त्र, परंपरा, बुद्धी आणि अनुभव असे चार निकष मांडतात. युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९७२ साली समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत असल्याचं वाक्य घातलं आणि २०२४ साली ते काढलं. मधल्या बावन्न वर्षांत ग्रीक पाठातलं एक अक्षरही या वचनांपुरतं बदललं नव्हतं.

सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे क्षमेचे शब्द. 'आफिएमी', जी ८६३: किंग जेम्समध्ये ५२ वेळा 'सोडणे' आणि ४७ वेळा 'क्षमा करणे'. मासेमारांनी जाळी सोडली, ताप सोडून गेला, ऋण सोडलं, पाप सोडलं, सगळीकडे हेच क्रियापद. त्याचं नाम 'आफेसिस' लूक ४:१८ मध्ये बंदिवानांच्या सुटकेसाठी येतं. पापासाठी 'हामार्तिया', जी २६६, १७४ वेळा. 'नेम चुकणे' ही त्याची फोड प्रवचनांत फार चालते, पण वर वीणेबद्दल जे म्हटलं ते इथेही लागू. वापर वाचले की दिसतं की रोमकरांत पौल पापाला नुसती चूक म्हणत नाही. ते राज्य करतं, मजुरी देतं, माणसाला गुलाम करतं.

करिंथकरांकडे परत या आणि या वेळी नवव्या वचनावर थांबू नका. दहाव्यात लोभी, दारुडे, शिवीगाळ करणारे, लुबाडणारे त्याच रांगेत आहेत, आणि 'राज्याचं वतन मिळणार नाही' हे वाक्य सगळ्यांना सारखं. अकराव्यात: तुमच्यापैकी कित्येक तसे होते, पण धुतले गेलात, पवित्र केले गेलात, नीतिमान ठरवले गेलात. तीन क्रियापदं, तिन्हींवर क्लिक करून काळ बघा. तिन्ही घडून गेलेल्या गोष्टी सांगतात. त्यावरून एक पक्ष म्हणतो की आकर्षण उरलं तरी आचरण सोडणं शक्य आणि अपेक्षित आहे. दुसरा म्हणतो की धुतलं गेलं ते आचरण कोणतं हेच आधी ठरवा. ग्रीकमध्ये लैंगिक कलासाठी शब्द या यादीत नाही, म्हणून साधन इथे दोघांनाही उत्तर देत नाही. मागचं पान उघडलं तर सहाव्या अध्यायाची सुरुवात भावाने भावाला कोर्टात खेचण्याने होते. यादी मुळात त्या वादींना ऐकवलेली आहे. हे दिसण्यासाठी स्ट्राँगचे क्रमांक बंद करून पाचव्या अध्यायापासून सलग वाचावं लागतं. क्रमांक दाखवायचे की नाहीत ते सेटिंगमध्ये ठरवता येतं.